मुअत्तरच्या लेकी पंगतीला बसल्या

तुर्सूनबुवांच्या तंदुरातली नान खाऊन आमचा अख्खा मोहल्ला मोठा झाला. कोकंद शहरात नानवाल्यांना तोटा नाही, पण पाहुणा म्हणून कुणाकडं जायचं असलं की माणसांचे पाय आपोआप आमच्या गल्लीकडं वळतात. दोन गरम नान रुमालात बांधून नेल्या की मान राहतो. बुवा आणि त्यांचा मुलगा इल्योस पहाटेपासून तंदुरात वाकलेले असतात आणि त्यांच्या भिंती, दारं, अंगणातली द्राक्षाची वेलसुद्धा पिठानं पांढरी झालेली असते.

अशा घरात मुअत्तर सून म्हणून आली. माहेर खोरेझमचं, भाताच्या वाफ्यांतलं. लांबची मुलगी, बोली वेगळी. सुरुवातीला आमच्या पोरी तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या आणि ती त्यांच्याबरोबर हसायची. माझं दार त्यांच्या दारासमोर. गाद्या शिवता शिवता मी तिला रोज बघायची. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, हे मला लवकर कळलं होतं.

तिची पहिली मुलगी हिलोला. जन्मली तेव्हा सफरचंदासारखी होती. नान चहात बुडवून खायला लागली आणि हळूहळू सुकत गेली. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. केस विंचरले की फणीत यायचे. बुवांचा जीव तुटायचा. ते म्हणायचे, "अशक्त झालीय पोरगी, गरम नान द्या, लोणी लावून द्या." जितकी ती खंगायची तितकी ते तिला जास्त नान चारायचे. प्रेमानंच चारायचे.

शेवटी मुअत्तर तिला ताश्कंदला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, नळी घालून पोट तपासलं आणि सांगितलं की गव्हात ग्लूटेन नावाचं जे असतं त्याचं हिच्या आतड्याला वावडं आहे. गहू बंद, जव बंद. थोडासाही चालणार नाही, आणि हे जन्मभराचं आहे. धाकट्या अनोराचंही रक्त तपासून घ्या म्हणाल्या. अनोरा तेव्हा नुसती चालायला लागली होती, दिसायला ठणठणीत. तिचंही तेच निघालं.

मुअत्तरनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिथंच बसले होते. बुवांनी आपल्या हातांवरचं पीठ झटकलं.

"केलिन," ते म्हणाले, आमच्याकडं सुनेला अशीच हाक मारतात, "यंत्र चुकलं असेल. नान खाऊन माणूस आजारी पडतो, असं कधी ऐकलंयस?"

"आजवर ऐकलं नव्हतं, दादा."

"मी लोकांना काय सांगू? नानवाल्याच्या नातींना नान चालत नाही?"

"तेच सांगा, दादा. लपवायला आपण चोरी थोडीच केलीय."

बुवा उठून तंदुराकडं गेले आणि त्यानंतर कितीतरी महिने या विषयावर बोलले नाहीत.

मुअत्तरनं आपली चूल उचलली आणि बागेच्या टोकाला, जुन्या कोठीच्या खोलीत नेली. तिथं पिठाचा कण पोचायचा नाही. भांडी वेगळी, पाटा वेगळा, पुसायची फडकी वेगळी. इल्योसनं कपडे बदलून, हात आणि मिशा धुतल्याशिवाय लेकींना उचलायचं नाही असा नियम केला. गल्लीतल्या बायांना आयताच विषय मिळाला. "खोरेझमची बाई नवऱ्याला आंघोळ घातल्याशिवाय घरात घेत नाही," असं म्हणून त्या खिदळायच्या. इल्योस बिचारा मान खाली घालून मिशा धुवायचा. हिलोलाच्या गालावर मात्र पुन्हा रंग चढायला लागला होता आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

घरातलं निभलं. प्रश्न होता बाहेरचा. आमच्याकडं पंगतीशिवाय आठवडा जात नाही. कुणाची सोयरीक, कुणाचं लग्न, कुणाचं बाळ पाळण्यात घालायचं, कुणाची वर्षश्राद्धाची प्रार्थना. दस्तरखान अंथरला की आधी नान मोडायची, मग बाकी सगळं. पुलावाच्या एकाच थाळीत चौघांचे हात, आणि त्याच हातात नानचा तुकडा.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शराफत खाला वयानं मोठ्या, जिभेनंही मोठ्या. त्यांनी मुअत्तरला सरळ सांगितलं, "पोरींना घरी ठेवत जा. चार माणसांत नेऊन त्यांच्या तोंडासमोर सगळ्यांनी खायचं आणि त्यांनी बघायचं, त्यापेक्षा बरं."

"खाला, त्यांना गहू चालत नाही," मुअत्तर म्हणाली. "माणसं चालतात."

आणि तिनं त्यांना न्यायला सुरुवात केली.

पहिलं लग्न शेजारच्या रहीमाच्या मुलाचं. पुलाव ममासोली उस्तादांचा. त्यांच्या कढईत दोन बकरे मावतील आणि त्यांच्या आवाजात तिसरा. मी भाज्या निवडत बसले होते, तेवढ्यात मुअत्तर नवा रेशमी झगा घालून, दोन्ही लेकींना माझ्याजवळ बसवून, थेट चुलवणापाशी गेली. तिथं सगळे पुरुष.

"उस्ताद, सलाम. एक विचारायचं होतं. यात गहू कुठं आहे का?"

ममासोलींनी आधी कढईकडं बघितलं, मग तिच्याकडं. "पुलावात गहू? बाई, तू खोरेझमची आहेस हे माहीत होतं. एवढ्या लांबची असशील असं वाटलं नव्हतं."

पुरुष हसले. मुअत्तर हलली नाही.

"पुलावात नसेल. झाऱ्यात असेल. हा झारा काल कशात होता?"

उस्तादांनी झारा उलटा करून बघितला. "काल मंतींत होता, त्या कणकेच्या करंज्यांत. धुतलाय."

"मग हा घ्या." तिनं पिशवीतून कोरा झारा काढला. "आणि कढई उघडली की पहिल्या दोन वाट्या माझ्या पोरींसाठी काढून द्या. थाळ्या वाढायच्या आधी."

"माझ्या कढईत परका झारा शिरत नाही. आणि पहिली थाळी जाते ती वडीलधाऱ्यांना. रीत आहे."

"बरं. मग मी इथंच उभी राहते."

आणि ती खरंच उभी राहिली. चरबी तापली, कांदा पडला, मांस पडलं, गाजरं पडली, तांदूळ पसरले, तरी ती उभी. धूर तिच्याच बाजूला जात होता. झग्याला वास लागला, डोळे लाल झाले. उस्ताद मध्येमध्ये तिरक्या नजरेनं बघत होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"अगं, डोळे जातील तुझे धुरानं."

"मग लवकर शिजवा, उस्ताद."

या वेळी पुरुष हसले ते उस्तादांना. त्यांनी दाढी खाजवली, हात पुढं केला. "आण तो झारा. आणि वाट्या कुठं आहेत? कोरड्या आहेत ना?"

वडीलधाऱ्यांच्या थाळीआधी दोन लहान पोरींच्या वाट्या भरल्या गेल्या, हे आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. नंतर गल्लीत मुअत्तरला नवं नाव पडलं, झारेवाली. आधी ते टोमणा म्हणूनच पडलं होतं.

त्यानंतर मी तिला कितीतरी पंगतींत बघितलं. आमंत्रण आलं की ती आदल्या दिवशी यजमानिणीकडं जायची, काय शिजणार ते विचारायची. गव्हाच्या शेवयांचा लगमान असेल तर तसाच रस्सा घरून तांदळाच्या शेवया घालून करून आणायची. समसे असतील तर तांदळाच्या पिठाचे भोपळा भरलेले करून आणायची, फुटलेले, वाकडे, पण समसेच. लेकींच्या ताटात जे असेल ते बाजूच्यासारखं दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. दस्तरखानाच्या कोपऱ्यावर ती पोरींना बसवायची आणि नानच्या ढिगाच्या आणि त्यांच्यामध्ये स्वतः बसायची, किल्ल्याच्या भिंतीसारखी.

तरी एकदा घात झाला. एका घरभरणीच्या जेवणाला मुअत्तर पाणी आणायला उठली, तेवढ्यात शराफत खालांनी हिलोलाला मांडीवर ओढलं आणि पापुद्र्याच्या गोड कतलमाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. "एका घासानं काय होतंय? आईला सांगू नकोस." हिलोला तेव्हा सहा वर्षांची. मोठ्या माणसानं प्रेमानं भरवलेला घास थुंकायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ती ओकून ओकून पिवळी पडली, तेव्हा तिनं आईला सगळं सांगितलं. पुढं चार दिवस अंथरुणात. इल्योस कधी नव्हे तो भडकला. "जातो आणि म्हातारीला विचारतो," म्हणत दारापर्यंत गेला.

"बस खाली," मुअत्तर म्हणाली. "भांडून काय मिळेल? त्या आपल्याला दार बंद करतील, आणि पुढच्या पंगतीत दुसरी कुणी तरी खाला असेलच."

तिनं बागेतले जर्दाळू ताटात काढले आणि मला म्हणाली, "आपा, चला माझ्याबरोबर."

शराफत खालांना बातमी पोचली होती. आम्हाला बघून त्यांनी रुमालाच्या टोकानं तोंड झाकल्यासारखं केलं आणि भांडणाच्या तयारीनं कंबर सरळ केली. मुअत्तरनं ताट ठेवलं, चहाचा पियाला घेतला, निम्मा प्यायली.

"खाला, शुक्रवारी रहीमाआपांकडं बाळाला पाळण्यात घालायचंय. मला वाढायला उभं राहावं लागेल. माझ्या पोरींजवळ तुम्ही बसाल का?"

खालांच्या हातातला पियाला तसाच राहिला. "मी? अगं, तुला कळलं नाही का, मीच तर..."

"कळलंय. म्हणून तर तुमच्याकडं आले. आधी घरी येऊन तिला एकदा बघा. एकदा बघितलंत की तुमच्यापेक्षा जास्त तिला कोण जपणार?"

खाला त्याच दुपारी आल्या. हिलोला उशीवर पडलेली, डोळे खोल गेलेले. ती खालांना बघून हसली आणि म्हणाली, "खाला, ते गोड होतं." खाला तिच्या पायाशी बसल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत तिचे पाय चोळत राहिल्या.

शुक्रवारी रहीमाच्या घरी काय झालं ते सगळ्या मोहल्ल्यानं बघितलं. एका पाहुणीनं कौतुकानं अनोरापुढं बिस्किट धरलं आणि खालांनी तिच्या हातावर चापट मारली. "हात मागं घे. या पोरी आज माझ्या ताब्यात आहेत." नान वाढणाऱ्या मुलीला त्यांनी लांबूनच हाकललं. एवढंच काय, हिलोलाच्या हातातला द्राक्षाचा घोसही काढून घेतला.

"खाला, द्राक्षात गहू नसतो," मुअत्तर वाढता वाढता म्हणाली.

"खात्री आहे?"

"खात्री आहे."

"तरी धुऊन आण. कुणाचे हात लागलेत कोण जाणे."

राहता राहिले तुर्सूनबुवा. नातींवर त्यांचा जीव होता, पण त्यांच्या जेवणाकडं ते बघायचे नाहीत. त्यालाही कारण होतं. मुअत्तरची आई खोरेझमहून जोंधळ्याचं पीठ पाठवायची आणि ती कोठीतल्या तव्यावर त्याच्या भाकऱ्या करायची. झोगोरा म्हणतात त्याला. एकदा बुवांनी त्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "युद्धानंतर आईनं आम्हाला हेच खाऊ घातलं. गहू नव्हता म्हणून. भुकेची भाकरी आहे ही, केलिन. माझ्या घरात पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं." तेव्हापासून मुअत्तर ती त्यांच्या नजरेआड करायची.

मग एके दिवशी अंदिजानचा एक मोठा व्यापारी मुलीच्या लग्नासाठी नान सांगायला आला. मीही तिथं होते, गाद्यांचं बोलणं होतं. वेलीखाली चहा मांडला, बुवांनी ताजी नान मोडली. पाहुण्यानं पहिला तुकडा शेजारी खेळणाऱ्या हिलोलापुढं धरला.

"मला चालत नाही," हिलोला म्हणाली. "तुम्ही खा. माझ्या बुवांसारखी नान कुणालाच जमत नाही."

पाहुणा हसला. "खाल्ली नाहीस, मग तुला कसं कळलं?"

"सगळे खातात तेव्हा मी त्यांची तोंडं बघते ना."

बुवांनी पियाला खाली ठेवला. पाहुणा पुढं दराचं, दिवसाचं काय काय बोलत होता, बुवा नुसते हं हं करत होते. मला वाटतं त्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जर्दाळूच्या झाडांमागं पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून माती तुडवत होते. मातीत मेंढीची लोकर घातलेली. इल्योस धावत गेला.

"दादा, हे काय? आपला तंदूर आहे की."

"तो गव्हाचा आहे," बुवा म्हणाले.

पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. छोटा तंदूर रचला, सावलीत वाळवला, मग बागेतून फिरत कोठीपाशी आले आणि दाराबाहेरूनच खाकरले.

"केलिन, तुझ्या आईचं पीठ आहे का? आणि पाणी किती गरम घेतेस तू?"

मुअत्तरनं पिठाचा डबा आणून त्यांच्यासमोर उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, "हात जेमतेम सोसेल इतकं, दादा."

पहिल्या दिवशीच्या सगळ्या भाकऱ्या तंदुराच्या भिंतीवरून निसटून राखेत पडल्या. गव्हासारखा चिकटपणा जोंधळ्याला नाही. कोकंदच्या नावाजलेल्या नानवाल्याच्या भाकऱ्या राखेत पडतात, ही बातमी चायखान्यात पोचायला किती वेळ लागणार? कुणीतरी विचारलंच, "बुवा, हात म्हातारा झाला का?" बुवा म्हणाले, "हात नवीन आहे. आत्ता शिकतोय." पुढं कधीतरी त्यांना आठवलं की त्यांची आई पिठात उकडलेला भोपळा मळायची. तो घातल्यावर भाकरी भिंतीला धरून बसली. पिवळी, जाड, कडेला खरपूस. त्या तंदुराकडं जाताना बुवा आधी आंघोळ करायचे, सदरा बदलायचे, मिशा धुवायचे. इल्योस लांबून बघायचा आणि गालात हसायचा.

त्या वर्षी नवरोजला गल्लीत लांबच लांब दस्तरखान अंथरला होता. जर्दाळू फुलले होते. सगळ्यात वडील म्हणून पहिली नान मोडायचा मान बुवांचा. त्यांनी रुमाल सोडला आणि आतून दोन पिवळ्या भाकऱ्या निघाल्या.

सगळ्यांच्या माना पुढं झुकल्या. मग चायखान्यातला त्यांचा जुना सोबती म्हणाला, "तुर्सून, सणाच्या दिवशी भुकेची भाकरी?"

"होय. भूक होती तेव्हा हिनंच आपल्याला जगवलं. तुलाही. आता माझ्या नातींना जगवतेय." बुवांचा आवाज चढला नव्हता. "हिला कुणी हलकं म्हटलं तर माझ्या तंदुरातली नान त्याला बंद."

त्यांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा हिलोलाला, दुसरा अनोराला, तिसरा त्यांनी स्वतः तोंडात टाकला आणि मग ताट पुढं सरकवलं. शराफत खालांनी घेतला. ममासोली उस्तादांनी घेतला आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे." पोरींच्या वाट्या भरल्या, त्यांनी खायला सुरुवात केली, तेव्हा कुठं गव्हाच्या नान मोडल्या गेल्या. आमच्या गल्लीत आजही तसंच होतं. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या, पोटाचं तेच दुखणं असलेल्या लेकरांच्या आया आता पंगतीच्या दिवशी आपली मुलं घेऊन आमच्याकडं येतात, आणि ती मुलं कोपऱ्यात नाही, मधोमध बसतात.

मुअत्तर तिथून उठून घरात गेली, बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आली आणि सासऱ्यांच्या पियाल्यात चहा ओतला. बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सुनेच्या हातचा पियाला दोन्ही हातांनी घेणारा सासरा मी तरी दुसरा बघितला नाही.

गेल्या शरदात आम्ही सगळे नमनगानला गेलो होतो, इल्योसच्या चुलत घराण्यातल्या लग्नाला. तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. हिलोला आता बारा वर्षांची, लांब वेण्या, भरलेले गाल. मुलींची पंगत अंगणाच्या पलीकडं, आम्ही बायका अलीकडं. घरची म्हातारी नानचं ताट घेऊन मुलींजवळ आली आणि तिनं पहिला तुकडा हिलोलापुढं केला.

माझ्या शेजारी मुअत्तर अर्धी उठली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बसली.

हिलोलानं तो तुकडा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि बाजूच्या मुलीला दिला. "आजी, तुमच्या नानचा मान ठेवला. खायला मात्र मला आणि माझ्या बहिणीला चालत नाही. आमच्या पोटाला गव्हाचं वावडं आहे. पुलाव खाऊ, पण कढईतून सरळ, आमच्या या वाट्यांत." असं म्हणून तिनं ओल्या फडक्यानं आपले हात पुसले.

म्हातारीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"कोकंदच्या तुर्सून नानवाल्यांची नात. आणि ती तिकडं बसलीय ना, निळ्या रुमालाची, तिची लेक."

म्हातारी वाट्या घेऊन स्वतः चुलवणाकडं गेली. येताना आमच्याकडं वळली आणि मुअत्तरपुढं वाफाळती थाळी ठेवली.

"तिला मिळालं का?" मुअत्तरनं विचारलं.

"तिनं मागून घेतलं. धाकटीलाही दिलं. तू आता जेव."

मुअत्तरनं एकदा पलीकडं बघितलं. हिलोला बाजूच्या मुलीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. अनोरा वाटीत डोकं घालून खात होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवता ठेवता मुअत्तरचा घास कायम गार व्हायचा. त्या दिवशी तिनं गरम पुलाव खाल्ला, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. आणि मग मला म्हणाली, "आपा, आणखी घेऊ का थोडा?"